शरभाला कडबा किती? पत्त्यांतील पौराणिक पशूंच्या वैरणीची मीमांसा

पौराणिक पशू घडवणाऱ्या कारागिरांनी आजवर एक गोष्ट सोयीस्करपणे टाळलेली आहे. त्यांनी सिंहाला सोंड लावली, घोड्याला पंख दिले, मगरीच्या शेपटीची वेलबुट्टी केली. पण या जनावराला रोज वैरण किती लागते, हे एकाही शिल्पाखाली कोरून ठेवले नाही. दगडात हे खपून जाते. दगडी जनावराला दावण लागत नाही आणि मे महिन्यात त्याच्यासाठी टँकरची वाट पाहावी लागत नाही. मात्र तेच जनावर पत्त्यावर आले, आणि पत्ताही साधा नव्हे तर जमवायचा, अदलाबदल करायचा, दुसऱ्याच्या पत्त्यावर सोडून लढवायचा असला, की त्याच्या कोपऱ्यात एक आकडा छापावाच लागतो. हे जनावर मैदानात उतरवायला खर्च किती? चित्र कोणीही काढील. तो आकडा कोणी ठरवायचा, हा प्रस्तुत प्रबंधाचा विषय आहे; आणि तो अधिकार अमेरिका-जपानपेक्षा नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्याचा अधिक आहे, हा सिद्धांत.

अधिकाराचे कारण आधी सांगतो, म्हणजे पुढे वाद नको. लाल कंधारी या गोवंशाचे जे मूळ क्षेत्र सांगतात त्यात कंधारसोबत मुखेड तालुकाही येतो. शेजारी लातूर जिल्ह्यात देवणी. या देवणीचेही तीन वाण: वानेरा, बालंक्या आणि शेवेरा. अंग तेच पांढरे, काळे कुठे आहे यावर नाव बदलते. चेहऱ्याच्या बाजूला काळे असले तर एक, अंगभर ठिपके-पट्टे असले तर दुसरे. एकाच प्राण्याची तीन रंगरूपे काढून त्यांतले एक दुर्मीळ ठरवायचे आणि त्याचा भाव चढवायचा, ही युक्ती पत्त्यांच्या कंपन्यांना गेल्या तीस वर्षांत सुचली. आमच्या भागातल्या बैलांना ती आधीपासून ठाऊक आहे. शिवाय नांदेड जिल्ह्यातच लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, जिथे घोडे, गाढवे, उंट आणि बैल विकायला येतात आणि माणसे दुसऱ्याच्या जनावराच्या तोंडात हात घालून दात मोजतात. ज्या प्रदेशात जनावराचे वय ते बोलल्याशिवाय कळते, तिथल्या माणसाला काल्पनिक जनावराचेही मोल करता येते.

पूर्वपक्षी विचारील, मुखेडात असले पत्ते खेळतो कोण? शाळा सुटल्यावर कोणत्याही वळचणीला जाऊन पाहावे. पोकेमॉनचे पत्ते तिथे आहेत. ते मूळ जपानी कंपनीचे असतीलच असे नाही. काही इतके सोनेरी चमकतात की मूळ कंपनीलाही हेवा वाटावा. मुले खेळाचे नियम पाळतात असाही दावा नाही. ती फक्त आकडे पाहतात आणि मोठा आकडा लहान आकड्याला मारतो एवढे जाणतात. यात मुलांचा दोष नाही, हा आनुवंशिक दोष आहे. त्यांच्या बापांनी १९९०च्या दशकात पैलवानांचे ट्रम्प कार्ड खेळलेले आहेत. त्यावर क्रमांक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या असे सगळे छापलेले असे. त्यांतला अंडरटेकर रोज काय जेवतो हे मात्र त्यावरही नव्हते. त्या पिढीने देह म्हणजे आकड्यांची यादी हे मान्य केले, पण यादीतली सर्वांत महत्त्वाची ओळ गाळून.

आता परंपरा. पौराणिक पशूंचा पत्त्यांसारखा संच पाडण्याचा पहिला मान, माझ्या मते, बाराव्या शतकातल्या ‘अपराजितपृच्छा’ या वास्तुग्रंथाच्या कर्त्याला, भुवनदेवाला द्यावा लागेल. मंदिरांवर जो सिंहासारखा, पण नेमका सिंह नसलेला, मागच्या पायांवर उठलेला प्राणी दिसतो तो व्याल. भुवनदेवाने या व्यालाचे तोंडावरून सोळा प्रकार सांगितले: सिंह, हत्ती, घोडा, माणूस, बैल, मेंढा, पोपट, डुक्कर, रेडा, उंदीर, कोंबडा, मोर वगैरे. मग प्रत्येकाच्या सोळा ढबी. सोळा सोळे दोनशे छप्पन्न. मधुसूदन ढाकी यांनी १९६५ मध्ये या एकाच प्राण्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, यावरून विषयाचा आवाका ध्यानात यावा. तुलनेसाठी, ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा लढाऊ पत्त्यांचा पहिला मोठा खेळ १९९३ मध्ये आला तेव्हा त्याच्या पहिल्या संचात २९५ पत्ते होते, पोकेमॉनच्या १९९६ च्या पहिल्या जपानी संचात १०२. म्हणजे भुवनदेव पोकेमॉनच्या अडीच पट पुढे आणि मॅजिकच्या जरासाच मागे, तेही आठशे वर्षे आधी आणि छापखाना नसताना. पण उंदीरमुखी व्यालाला किती दाणे लागतात आणि मेंढामुखीला किती, यावर ग्रंथकार गप्प आहे. मुखेडच्या दशरथेश्वराच्या देवळात किंवा देगलूरकडच्या होट्टलच्या सिद्धेश्वराच्या देवळात उत्तर चालुक्यांच्या कारागिरांचे काम पाहताना माझे लक्ष आता पूर्वीसारखे सुरसुंदरीच्या केशरचनेकडे जात नाही. या सगळ्यांना खाऊ कोण घालत असेल, हा प्रश्न पडतो.

गंजिफाचेही नाव घेतले पाहिजे, नाहीतर सावंतवाडीचे लोक रागावतील आणि त्यांचे बरोबरच असेल. दशावतारी गंजिफात गोल पत्ते असतात १२०, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. दिवसा डाव बसला तर रामाने उतारी करायची, रात्री बसला तर कृष्णाने. निम्म्या रंगांत दश्शी भारी, निम्म्यांत एक्का भारी, म्हणजे अर्ध्या जगात मोठ्याला मान आणि अर्ध्यात धाकट्याला. एवढी न्यायबुद्धी नंतरच्या कोणत्या खेळात दिसली नाही. विसाव्या शतकात ही कला विझत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, चिताऱ्यांना हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने गंजिफाचे वैशिष्ट्य निराळेच आहे. तिथे मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह सगळे हजर असून एकमेकांशी भिडत नाहीत. मत्स्याचा राजा वराहाच्या दुऱ्यालाही हात लावू शकत नाही, कारण रंग वेगळा आणि खेळात हुकूम नाही. प्रत्येक पशू आपल्याच जातभाईंवर मोठेपणा गाजवतो. हा खेळ इतका आपला आहे की त्यावर अधिक बोलणे नको.

खर्चाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला तो रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने, मॅजिकमध्ये. तिथे जनावर फुकट येत नाही. आधी जमीन पसरावी लागते. जमिनीचे प्रकार पाच: मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि जंगल. एका पाळीत एकच जमीन ठेवता येते, त्या जमिनीतून शक्ती निघते आणि त्या शक्तीवर जनावर बोलावता येते. मोठे जनावर हवे तर जास्त जमीन, आणि तिची वाट पाहण्याचा धीर. हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले. ज्या माणसाने आयुष्यात कधी सातबारा पाहिला नसेल त्याला हे सुचले! आमच्याकडे तरी याहून वेगळे काय चालते? फक्त जमिनीची पाच नावे बदलायला हवीत. मुखेडात बेट नाही, दलदल नाही, आणि जंगलाविषयी बोलायचे तर वन खात्याशी बोलावे. म्हणून मी काळी, बरड, माळ, गायरान आणि लेंडी नदीकाठची मळई असे पाच प्रकार सुचवतो. बरडाच्या पत्त्यातून शक्ती निघेल, पण पावसाळ्यातच. गायरानाचा पत्ता सर्वांच्या मालकीचा, त्यामुळे समोरचा खेळाडूही त्यावर आपली जनावरे चारू शकतो. त्यावरून होणारी भांडणे खेळाचाच भाग समजावीत.

आणि शक्तीचे माप? कडब्याची पेंढी. मोठ्या व्यवहारात शेकडा. आक्षेप येईल की पेंढी किती जाड असावी यावर दोन गावांचेही एकमत नाही. नसेना. रुपयाच्या मोलावरही नाही. खरी अडचण वेगळी आहे. नांदेड-लातूरकडे ज्वारीच्या रानावर सोयाबीन चढले, सोयाबीनचे उरते ते भुसकट, आणि कडबा महागला. म्हणजे मुखेडी संचात मोठे जनावर उतरवणे पूर्वीपेक्षा अवघड होत जाणार. अमेरिकन खेळात अशी तंगी मुद्दाम नियम करून आणावी लागते. आमच्याकडे ती हवामान खात्याकडून आयती येते.

इथे आप्पांचा उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे. आप्पा हे बाजारात बैलांची दलाली करून आता निवांत बसलेले गृहस्थ असून प्रस्तुत लेखक त्यांचे म्हणणे आप्तवाक्य मानतो. एका मुलाने त्यांना चारिझार्ड दाखवला. हा पंखांचा, आग ओकणारा सरडा. पोकेमॉनच्या पहिल्या संचात त्याचा जीव १२०, त्याचा मारा १००. पण तो मारा करायला अग्नीचे चार पत्ते त्याच्या अंगाशी लावावे लागतात आणि प्रत्येक वेळी त्यांतले दोन फेकून द्यावे लागतात. आप्पांनी पत्ता लांब धरून पाहिला, चष्मा लावून पाहिला. “चित्र लई झकास आहे,” ते म्हणाले. “पण हे खाते काय?” मुलाने चार-दोनचा हिशोब सांगितला. आप्पांनी पत्ता परत दिला. “एका दमात अर्धी वैरण उडवणारं जनावर दावणीला नको रे बाबा.” पोकेमॉनच्या जगभरच्या भाष्यकारांनी चारिझार्डवर पुष्कळ लिहिले आहे, यापेक्षा मर्मावर बोट कोणी ठेवलेले माझ्या वाचनात नाही.

प्राचीनांनी वैरणीचा विचार केलाच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. शिल्पकारांनी केला नाही, कथाकारांनी केला. महाभारताच्या आदिपर्वात गरुड जन्मतःच भुकेला आहे. आई त्याला निषाद खायला सांगते; तेवढ्याने भागत नाही. मग बाप, कश्यप, त्याला एक हत्ती आणि एक कासव दाखवतो. हत्ती सहा योजने उंच आणि बारा योजने लांब. कासव तीन योजने उंच आणि दहा योजने घेराचे. योजन म्हणजे चार कोस धरले तर हत्ती साधारण नांदेडहून लातूरला जाण्याइतका लांब. हे दोघे मूळचे सख्खे भाऊ. वाटणीवरून भांडले, एकमेकांना शाप दिले आणि त्यातून एक हत्ती झाला, दुसरा कासव. म्हणजे गरुडाला अमृत आणण्याआधी जो खुराक लागला तो एका वाटणीच्या दाव्यातल्या वादी-प्रतिवादींचा होता. गरुडाच्या पत्त्याची किंमत यावरून थेट छापता येते: एक हत्ती, एक कासव, दोन्ही आपल्याच हातातून टाकायचे. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात फाईल कितीही जाड असली तरी गरुड पोसण्याइतकी नसते, हे जाता जाता नोंदवतो.

बकासुराचा हिशोब तर पावती फाडावी इतका चोख आहे. गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा हाकणारा माणूस. बकाला पशू मानावे की राक्षस, यावर मतभेद होऊ शकतो. माझ्या मते ज्याचा खुराक ठरलेला असतो, जो तो ठरल्या वेळी न मिळाल्यास दंगा करतो आणि ज्याची पाळी गावाने आळीपाळीने वाहायची असते, तो पाळीव प्राणी होय. बक याच वर्गात मोडतो. (या व्याख्येत आणखी कोण कोण बसते, हे प्रबंधाच्या कक्षेबाहेर आहे.)

जपानी परंपरेत बकाच्या जवळचा एकच ग्रंथोक्त प्राणी सापडतो, तो पोकेमॉनमधला स्नोर्लॅक्स. हा लठ्ठ, झोपाळू. त्याच्या नोंदीत वजन ४६० किलो आणि रोजचे खाणे ४०० किलो दिले आहे. म्हणजे वजनाच्या सुमारे ८७ टक्के. आपल्या बैलाला कोरडे खाद्य वजनाच्या अडीच-तीन टक्के लागते. स्नोर्लॅक्सच्या वजनाच्या बैलाला साधारण बारा किलो. मग स्नोर्लॅक्स खातो तो चारा तेहतीस बैलांचा झाला. परंतु इथे एक शास्त्रीय खोच आहे. ते ४०० किलो कोरडे की ओले, हे ग्रंथकाराने सांगितलेले नाही. हिरवा चारा असेल तर त्यात बहुतांश पाणी, आणि मग तो सात-आठ बैलांचाच ठरतो. तेहतीस आणि आठ यांत एका शेतकऱ्याचे कर्ज बसते. एवढ्या मोठ्या व्यवसायात ही बाब कोणाच्या लक्षात येऊ नये, याचे नवल वाटते. कुंभकर्णाशी स्नोर्लॅक्सचे साम्य उघड आहे. सहा महिने झोप, एक दिवस जाग, आणि त्या एका दिवसात बाकीची वसुली. मॅजिकमध्ये वापरून झालेला पत्ता आडवा ठेवतात आणि आपली पाळी आली की पुन्हा उभा करतात. कुंभकर्णाचा पत्ता आडवा छापलेलाच विकावा आणि त्याला उभा करण्याचा खर्च ढोलताशांत मोजावा.

सर्वांत स्वस्त जनावर कोणते? कीर्तिमुख. पुराणात जालंधर दैत्याने राहूला शंकराकडे पाठवले, तेही पार्वती मागायला. शंकराच्या कोपातून एक अक्राळविक्राळ प्राणी निघाला आणि राहूवर धावला. राहू शरण आला, शंकराने त्याला अभय दिले, आणि प्राणी उपाशीच राहिला. आता मी काय खाऊ? स्वतःला खा, असे उत्तर मिळाले. तो शेपटीपासून सुरू झाला आणि खात खात तोंडापर्यंत आला. उरले ते नुसते तोंड; शंकर प्रसन्न झाला आणि त्याला दारावर नेमले. मराठवाड्यातल्या जुन्या देवळांच्या खांबांवर, तोरणांवर, उंबऱ्याशी हे तोंड जागोजागी दिसते ते यामुळे. पत्ता म्हणून याचा विचार करा. उतरवायला शून्य पेंढ्या. पहिल्या पाळीत अंगात प्रचंड बळ, पुढे दर पाळीला त्याने स्वतःचे एकेक अंग खायचे, बळ घटत जाणार. शेवटी तोंड उरले की ते मालकाच्या दारात कायमचे बसते आणि तिथून कोणाला हलवता येत नाही. एवढा बांधेसूद पत्ता गारफिल्डलाही सुचला नसता. दुष्काळी जिल्ह्याने जगाच्या पशुशास्त्राला दिलेले हे योगदान म्हणता येईल. अर्थात कथा मराठवाड्यातली नाही, पण समजते ती इथेच लवकर.

आता ज्याचे नाव शीर्षकात आहे त्या शरभाकडे. नरसिंहाने हिरण्यकशिपूला फाडले, पण राग शमेना. शैव पुराणांत सांगितले आहे की शंकराने आधी वीरभद्राला समजूत घालायला धाडले, आणि समजूत पटेना तेव्हा शरभाचे रूप प्रकटले: अर्धा सिंह, अर्धा पक्षी, पाय आठ, आणि त्याने नरसिंहाला उचलले. वैष्णव गप्प बसणार होते थोडेच. त्यांनी नरसिंहातून गंडभेरुंड काढला, दोन तोंडांचा महापक्षी, ज्याने शरभाला झोडपले. पत्त्यांच्या धंद्यात या रोगाची सगळ्यांना धास्ती असते. नवा संच खपवायचा तर नवे जनावर जुन्यापेक्षा जोरदार करावे लागते, त्यामुळे जुने पत्ते कागदाच्या मोलाचे होतात, मग त्याहून जोरदार, मग आणखी. कंपन्यांना हे तीस वर्षांत कळले. शैव-वैष्णवांनी ते शेकडो वर्षे आधी करून दाखवले होते. गंडभेरुंडाच्या बाजूने सांगायचे तर त्याची कारकीर्द नंतर अधिक स्थिर झाली. कर्नाटकात बळ्ळिगावीला त्याचा १०४७ सालचा स्तंभ उभा आहे, विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर तो हत्ती उचलून नेताना दिसतो, आणि आज तो कर्नाटक सरकारच्या मुद्रेवर बसतो. शरभाला त्या मुद्रेवर मधली जागा मिळाली नाही. तो महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर राहिला, पंजात हत्ती धरून; जंजिऱ्याच्या दरवाजावरच्या तशाच पशूने तर चार पंजांत, जबड्यात आणि शेपटीतही हत्ती धरले आहेत. एवढे हत्ती धरून ठेवायचे आणि एकही खायचा नाही, याला पहारा म्हणतात.

शरभाला किती गुण द्यायचे, हा मुखेडात नाजूक प्रश्न आहे. गावात वीरभद्राचे देऊळ आहे, यात्रा भरते, आणि वरच्या कथेत वीरभद्राचा हात आहे. शरभ गंडभेरुंडापेक्षा हलका छापला तर गावातून निघणे मुश्कील. उलट केले तर पंढरीच्या वारीला जाणारे नाराज. मी मार्ग काढला तो असा: दोघांचे बळ समान, फरक फक्त वैरणीत. शरभाला आठ पाय. पण ते सिंहाचे पंजे असल्याने नाल ठोकण्याचा खर्च नाही. बैलाचे खूर दुभंगलेले, त्यामुळे एका बैलाला आठ नाली लागतात. त्या मानाने शरभ स्वस्त पडतो. गंडभेरुंडाला तोंडे दोन, म्हणून दाणे दुप्पट, पोट मात्र एकच. दोन तोंडांनी खाऊन एकाच पोटी साठवणारा प्राणी मालकाला परवडतो की नाही, यावर आप्पांशी चर्चा केली. आप्पा म्हणाले, “दोन तोंडं खातात ते दिसते. पण ती एकमेकांच्या पुढचंही ओढत असतील, ते कोण बघणार?” यावरून मी गंडभेरुंडाला एक जादा पेंढी लावली आहे. तिला कोणी धार्मिक पक्षपात म्हणू नये. ती सांडलवंडीची आहे.

नियम आणि दोष यांतही बाजाराचा अनुभव कामी येतो. मॅजिकमध्ये नवे उतरलेले जनावर त्याच पाळीत हल्ला करू शकत नाही. परदेशी मुलांना हा नियम पाठ करावा लागतो. इथे तो सांगायची गरज नाही; बाजारातून आणलेला बैल त्याच दिवशी औताला जुंपणाऱ्या माणसाला गावात पुन्हा कोणी बैल उसना देत नाही. पण त्या खेळात जनावरांचे बहुधा गुणच छापतात: उडते, विष सोडते, पहिला वार करते. आमच्या बाजारात आधी खोड विचारतात. मारके आहे का, लाथा झाडते का, दोर तोडते का, आणि सर्वांत वाईट म्हणजे बशा आहे का, भर तासात मध्येच बसकण मारणारा. मुखेडी संचातल्या प्रत्येक पत्त्यावर एक खोड अनिवार्य असेल. ऐरावत: समुद्र दिसला की परत जायला बघतो. उच्चैःश्रवा: शेपटी काळी की पांढरी यावर मालकांत भांडणे लावतो. मकर: तोंड हत्तीचे की मगरीचे हे स्वतःलाच ठाऊक नसल्याने पाणी पाजायला न्यावे की पाण्यातून काढावे, हा रोजचा घोळ. वयासाठी दात. आदत म्हणजे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे आले की जुळलेला. पोकेमॉनमध्ये लहान प्राणी वाढून मोठ्या रूपात जातो, त्यासाठी वेगळा पत्ता विकत घ्यावा लागतो. दाताच्या पद्धतीत एकाच पत्त्यावर भागते. कंपन्यांना हे आवडणार नाही.

अर्थशास्त्राचा शेवटचा मुद्दा कामधेनूचा. मॅजिकच्या पहिल्या संचातला सर्वांत महाग पत्ता कोणता, असे विचारले तर कोणीही ड्रॅगन म्हणेल. तो ड्रॅगन नाही. ‘ब्लॅक लोटस’ नावाचे एक काळे कमळ आहे. त्याला किंमत शून्य, आणि ते एकदा वापरले की तीन शक्ती देते, एवढेच त्याचे काम. २०२४ मध्ये त्याची एक कोरीकरकरीत प्रत ३० लाख डॉलरला विकली गेली. विचार केला तर हा जगातला सर्वांत महाग चारा आहे. इतके राक्षस, नाग, देवदूत छापून झाल्यावर खेळणाऱ्यांनी जीव टाकला तो वैरणीवर! सिद्धांताला याहून भक्कम पुरावा कोणता हवा? आमच्याकडे ती जागा कामधेनूची. तिच्या पत्त्यावर बळ काहीच नाही, पण ती दर पाळीला देत राहते. आणि विश्वामित्राने वसिष्ठाकडून ती ओढून न्यायचा प्रयत्न केला तेव्हा तिने अंगातून सैन्य काढले, त्यामुळे चोरणाऱ्या पत्त्यापासून तिला संरक्षण छापलेलेच आहे. ज्याच्या हाती ती आली त्याने खेळ थांबवून दूध डेअरीवर घालावे, असे माझे मत आहे, पण मुले ऐकत नाहीत.

राहिला नोंदणीचा प्रश्न. दुष्काळात चारा छावणी लागते तेव्हा कागदावर जनावरांचे दोनच प्रकार: मोठे आणि लहान. त्याप्रमाणे वैरण. कानात बारा अंकी बिल्ला. शरभ मोठ्यात बसेल हे निर्विवाद, गरुड बसणार नाही हेही निर्विवाद, कारण पक्ष्याला बिल्ला लावायला कान नाही. गंडभेरुंडाला दोन डोकी असूनही कान एकही नाही, त्यामुळे तो सरकारी दृष्टीने अस्तित्वातच येत नाही, कर्नाटकाच्या मुद्रेवर असला तरी. पण सर्वांत अवघड नवगुंजर. ओडिया महाभारतात, सारळा दासाने पंधराव्या शतकात रचलेल्या, कृष्ण अर्जुनापुढे या रूपात येतो: कोंबड्याचे तोंड, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी साप, आणि चार पायांतला एक हत्तीचा, एक वाघाचा, एक घोड्याचा किंवा हरणाचा, आणि चौथा पाय म्हणजे माणसाचा हात. ओडिशातल्या गंजिफात तो राजाच्या पत्त्यावर बसतो आणि अर्जुन प्रधान होतो. नऊ प्राण्यांची वैरण याला एकट्याला द्यायची का? कोंबड्याच्या तोंडात कडबा जाणार कसा? आणि माळेगावच्या बाजारात आणला तर पावती एक फाडायची की नऊ?

हा पेच घेऊन मी आप्पांकडे गेलो. त्यांनी चित्र पाहिले, कोंबड्याकडे पाहिले नाही, सापाकडे पाहिले नाही. थेट त्या हातावर बोट ठेवले.

“ह्यो माणसाचा हात?”

“हो, आप्पा.”

“मग तू कशाला मधे पडतोस?” आप्पा म्हणाले. “रुमाल दे त्याच्याकडं. रुमालाआड बोटं दाबून भाव तोच ठरवील. दलाली तेवढी कोणाच्या नावानं लिहायची, एवढं विचारून ये.”